खेळातल्या बागेवरचा पाऊस

खण आवरताना व्हिडिओ गेमचा जुना कंट्रोलर हाती आला आणि वडील गेल्यावर दिंडोरीची द्राक्षबाग विकली तो हिवाळा आठवला. आई नाशिकला आमच्या फ्लॅटवर राहायला आली होती. बोलायची मोजकं, बागेचं तर नावही काढायची नाही. तिला बाग आठवेल या भीतीने आम्हीही घरात द्राक्षं आणत नव्हतो. त्या दिवसांत मी एक शेतीचा गेम खेळत होतो. जाणकारांनी त्याला ‘शेतीचा अस्सल अनुभव’ म्हटलं होतं. माझ्या मते तो एसीत बसून शेती करणाऱ्याचा अनुभव होता. एका दुपारी आई मागे मेथी निवडत बसली होती. पडद्यावर वेली घडांनी लगडलेल्या, आणि मंद संगीतासह पाऊस सुरू झाला. आईच्या हातातली जुडी खाली पडली. “अरे, औषध मार ना लवकर! मणी तडकतील सगळे!” मी म्हटलं, “आई, या बागेला काही होत नाही. रोगही येत नाही.” “एवढ्या पावसात बी नाय?” “नाही.” ती पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, “तुझ्या बापाला ही बाग मिळायला पायजे होती रे. लय जीव जाळला त्यानं.” आणि बाग विकल्यापासून पहिल्यांदाच ती रडली, रडता रडता दिवेलागणीपर्यंत बोलत राहिली. मी संगीत तेवढं बंद केलं आणि पाऊस पडू दिला. आजही कुणी त्या गेमबद्दल विचारलं, तर रटाळ आहे असंच मी सांगतो. पाऊस मात्र चांगला केलाय, एवढं म्हणतो.