झेंडेवाल्या बाई आणि माझ्या चार ओळी

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जीभ मोकळी. वयाची पस्तिशी गाठल्यावर, एका पोरीची आई असताना, मी चौथीच्या पुस्तिकेत कॉपी केली. तीही अशी, की बघणाऱ्याला कीव यावी. प्रश्न होता, ‘तुम्हाला कशाची भीती वाटते? चार ओळी लिहा.’ उत्तरांच्या पुस्तकात त्यापुढे छापलं होतं, ‘उत्तर ज्याचे त्याचे.’ मी ते वळणदार अक्षरात उतरवून घेतलं. चार ओळी मागितल्या होत्या, म्हणून चार वेळा उतरवलं. मग लाल पेन उचललं आणि चारही ओळींपुढे स्वतःच बरोबरची खूण केली.

ती पुस्तिका गेली झेंडेवाल्या बाईंकडे.

बाई मूळच्या जालन्याच्या. जानेफळच्या पलीकडे आमच्या गावात एका मिशननं दोन खोल्यांची शाळा काढली, ती चालवायला आल्या. पांढरी सुती साडी, पायात पोरांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे झुकावं लागायचं. शाळेत फळा नव्हता. प्रत्येक पोराचं तोंड भिंतीकडे, दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या आडफळ्या, समोर पातळशी पुस्तिका, आणि शिवणाच्या दोऱ्याच्या रिकाम्या रिळात खोचायला एक कागदी झेंडा. पुस्तिका आपली आपण वाचायची, रिकाम्या जागा आपल्या आपण भरायच्या. अडलं की झेंडा उभा करायचा, मग बाई येणार. झेंडा नसेल तर पोरगं मुसमुसत असलं तरी त्या जागच्या हलत नसत. आल्या तरी उत्तर सांगत नसत. वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, “पान मागं उलटा. उत्तर वाचूनच तुम्ही पुढं आलात.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही. राग मात्र दर वेळी नव्यानं यायचा.

पुस्तिका कुठल्या तरी थंड देशातून भाषांतर होऊन आलेल्या. पोरांची नावं बदलून गणेश आणि मीना केली होती, पण बर्फ तसाच राहून गेला होता. आमची पोरं चैताच्या उन्हात घामानं निथळत बर्फाचा माणूस रंगवायची. एकानं त्याला भगभगीत पिवळा रंग दिला आणि झेंडा लावून विचारलं, बर्फ पिकल्यावर असाच दिसतो ना? बाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, मीही पाहिलेला नाही.

झेंडा बाईंच्या टेबलावरही असायचा. त्यांना काही कळलं नाही की त्या तो उभा करत, आणि ज्याला येत असेल त्यानं उठून जायचं. ती पाकिटातल्या बीटी कपाशीच्या बियाण्याची सुरुवातीची वर्षं. बाईंनी एकदा पोरांना सांगितलं, घरात छापलेला कागद असेल तो वाचायला आणा. सगळ्या घरांतून एकच कागद आला, बियाण्याच्या पाकिटातला. त्यात साध्या कपाशीची एक छोटी पुडी असते आणि ती शेताच्या कडेनं पेरायची असते, हे मला तिथे कळलं. घरी येऊन माझ्या लेकीच्या, कांचनच्या बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, फुकटचं बियाणं कोणी पेरते काय, फेकलं मी ते. दुसऱ्या दिवशी त्या कागदावरून बाईंचा झेंडा उभा. पोरांनी मग त्यांना कपाशीवरचा लाल्या रोग म्हणजे काय, बोंड सडतं कसं, सरकी कशाला म्हणतात, सगळं शिकवलं. बाई वहीत उतरवून घेत होत्या. मोठ्या माणसानं पोरासमोर ‘मला येत नाही’ म्हणायचं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

आमचं घर बौद्ध. सासूबाई विहारात जाणाऱ्या आणि कुणाला न भिणाऱ्या. कांचनला शाळेत घालताना त्यांनी बाईंना तोंडावरच विचारलं, “आमच्या पोरीले ख्रिस्ती तं नाई करून टाकसान?” बाई म्हणाल्या, “आजी, यांना वाचायला शिकवता शिकवता माझी संध्याकाळ होते. बाकीचं करू कधी?” पुस्तिकेत देवाची वचनं असायची, ती पोरं पाठ म्हणायची, ते बाईंनी लपवलं नाही. सासूबाई ऐकून घेत आणि वर आपली दोन वचनं पोरीकडून म्हणवून घेत. पोरगी दोन्हीकडून हुशार झाली.

मी त्या शाळेत झाडायला आणि दुपारची खिचडी शिजवायला होते. भांडी झाली की शेवटच्या आडफळीत बसायची. बाईंनीच बसवलं. मी पाचवीतून शाळा सोडलेली, पण बाईंनी तपासून चौथीवर आणलं. तिथे माझ्याबरोबर एकच विद्यार्थिनी होती, माझी दहा वर्षांची लेक कांचन. पुस्तिका संपली की भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या नावापुढे सोनेरी चांदणी लागायची. कांचनच्या नावापुढे चांदण्यांची रांग लागली, माझ्यापुढे तीन. घरी ती सासूबाईंना सांगायची, आई मागे राहून गेली. सासूबाई हसायच्या. मीही हसायची, पण आत काहीतरी ठसठसायचं.

तपासणीची रीत अशी होती, की लिहून झालं की पेन्सिल जागेवर ठेवायची आणि खिडकीजवळच्या टेबलाशी जायचं. तिथे उत्तरांची पुस्तकं दोरीनं बांधलेली, शेजारी लाल पेनं. आपली चूक आपण शोधायची, परत जागेवर येऊन दुरुस्त करायची. पोरं हे इमानानं करत. आणि सकाळी झाडायला सगळ्यांच्या आधी येणारी त्यातल्या एकीची आई पेन्सिल घेऊन त्या टेबलाशी वाकत होती. आठ दिवसांत मी अशा आणखी दोन चांदण्या मिळवल्या. तिसरीच्या वेळी त्या चार ओळी आल्या.

बाईंचा झेंडा उभा राहिला. मला वाटलं, मीठ जास्त पडलं असेल. गेले. बाईंनी पुस्तिका माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, “देवकाबाई, मला हे कळलं नाही. सांगता?” मी वाचलं. एक ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तिसऱ्या ओळीपाशी माझं मलाच कळलं.

काय बोलले ते सगळं आठवत नाही. पाचवीतलं सांगितलं, एवढं खरं. कापूस वेचणीसाठी घरच्यांनी मला दोन महिने नेलं होतं. परत आले तर वर्गात अपूर्णांक होऊन गेले होते. गुरुजी म्हणाले, तू मागं बस. मी मागं बसले, मग दाराशी बसले, मग गेलेच नाही. बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, की पाठीवरून हातही फिरवला नाही. खोडरबर माझ्यापुढे सरकवला आणि तक्त्याकडे बोट केलं. त्या दोन चांदण्या मी माझ्या नखानं खरवडून काढल्या. कांचननं विचारलं, “आई, तुही चांदणी काऊन काढली?” मी म्हटलं, पडली.

पुढच्या हंगामात आमच्या कपाशीची पानं लाल झाली आणि बोंडं हरभऱ्याएवढी राहिली. वेचायलाच काही नव्हतं. कांचनच्या बाबांनी ठरवलं, मलकापूरकडे काळ्या रानात वेचणीला जायचं. सगळ्यांनी. सासूबाईंनी, मी आणि कांचननंही. पीक गेलं म्हणून कुणी रडलं नाही आमच्यात. पण पोरीचेही हात लागतील, असं ते बोलले. माझ्या बाबतीत घरच्यांनी जे केलं होतं, तेच आता मी माझ्या हातानं करणार होते.

बाईंना सांगायला गेले. त्या काय बोलतील आणि मी काय उत्तर देईन, ते वाटेनं पाठ करून गेले होते. बाईंनी एवढंच विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, दोन महिने. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि कात्रीनं चौथीच्या उत्तरांच्या पुस्तकाची दोरी कापली. पुस्तक माझ्या हातात दिलं. दोरीचा तुकडा कांचनच्या पुस्तिकेत ती होती त्या पानावर खूण म्हणून घातला.

“कांचनचं तुम्ही तपासा,” त्या म्हणाल्या.

“आन् माह्यं?”

“तुमचंही तुम्हीच.”

मलकापूरच्या त्या रानात बांधावर एक बाभूळ होती. भाकर खाल्ली की बाकीच्या बाया कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडून आडव्या व्हायच्या आणि आम्ही मायलेकी पुस्तिका काढायचो. बोंडाच्या काट्यांनी बोटं सोललेली, पेन्सिल धरवत नसे. कांचन अडली की म्हणायची, “सांग नं आई. पुस्तक तं तुह्यापाशीच हाय.” मी म्हणायची, “पान मांगं पलटव.” ती फुरंगटून म्हणायची, तू तं बाईवानी बोलून राह्यली. मधूनमधून ती मान वर करून माझ्याकडे टक लावून बघत बसायची. मला वाटायचं, आईचं काय कौतुक आहे पोरीला.

माझी गाडी अपूर्णांकांत रुतली. तेच ते, पाचवीत माझ्यावाचून पुढे निघून गेलेले. उत्तरांचं पुस्तक पिशवीत, पिशवी मांडीशी. मी ते कधी आणि किती वेळा उघडलं, ते इथे लिहीत नाही. म्हातारीनं सगळंच सांगायचं नसतं. त्या कोऱ्या राहिलेल्या चार ओळी मात्र मी तिथेच भरल्या. मला मागे राहायची भीती वाटते, अशी सुरुवात केली. चारच्या सहा झाल्या.

दोन महिन्यांनी परत आलो. कांचन आपल्या आडफळीत बसली, दोरीचा तुकडा काढून बाजूला ठेवला आणि पुढच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. कुणी पुढे गेलं नव्हतं, कुणी मागे बस म्हटलं नाही. मी हातात झाडू घेऊन बघत उभी होते. खिचडी त्या दिवशी खाली लागली.

काही वर्षांनी मिशननं शाळा बंद केली आणि बाई जालन्याला गेल्या. कांचन आता चिखलीला दवाखान्यात नर्स आहे, आणि त्या शाळेबद्दल माझ्याइतकी हळवी नाही. ती म्हणते, नुसत्या रिकाम्या जागा भरून चार माणसांत बोलायला येत नाही. कॉलेजात पहिलं वर्षभर ती कुणीतरी येऊन विचारेल म्हणून गप्प बसून राहिली. तिचं खरं आहे. पण तिच्या वॉर्डात औषधाची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय ती गोळी देत नाही, आणि चुकलं तर स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगते. ते कुठून आलं, ते मला ठाऊक आहे.

मागच्या वर्षी आम्ही दोघी जालन्याला गेलो. बाई भाचीकडे असतात. डोळ्यांनी दिसत नाही फारसं. उशाशी रिळात झेंडा आहे. पाणी हवं असलं की उभा करतात, भाची येते. त्यांनी माझा हात चाचपला आणि विचारलं, अपूर्णांक जमले का? नातवाला मीच शिकवते, असं मी ऐटीत सांगितलं. कांचन भाचीला मदत करायला आत गेली, तेव्हा इतकी वर्षं मनात धरलेलं विचारून टाकलं. बाई, मी एवढी चोरी केलेली, आणि तुम्ही पुस्तकच माझ्या हाती दिलं, तुमाले भेव नाई वाटलं? बाई हसल्या.

“वाटलं ना. म्हणून तर कांचनला सांगून ठेवलं होतं, आईवर नजर ठेव. दोन महिन्यांनी आली आणि म्हणाली, बाई, आई अपूर्णांकापाशी रडते, पण लिहायच्या आधी पुस्तक उघडत नाई.”