कॅरॅव्हॅनमधले तीन पिवळे खटके

उत्कर्ष दाभाडेला डिझेलबद्दल वाकडा शब्द खपत नाही. खपणार कसा? जर्मनीत इंगोलश्टाटला आल्यापासून सतरा वर्षं गड्याने डिझेल इंजिनाचंच काम केलं. आता त्याच्या विभागातले निम्मे लोक बॅटरीकडे गेले. जेवणाच्या टेबलावर डिझेलचा विषय निघाला की नवी पोरं गालात हसतात आणि हा मुकाट्याने सूप पितो. अशा माणसाने हौसेने जुनी कॅरॅव्हॅन घ्यावी आणि तिच्यात गॅसचा हीटर निघावा, म्हणजे बघा!

तो काढून डिझेलचा बसवायचा, असं त्याने जाहीर केलं. बत्तीस ओळींचं एक्सेल केलं. डिझेल कुठल्याही पंपावर मिळतं, थंडीत गॅसची बाटली मध्येच संपायची धास्ती नाही, वगैरे वगैरे. कादंबरीने, म्हणजे त्याच्या बायकोने, बत्तीसच्या बत्तीस ओळी वाचल्या. मग म्हणाली, शेगडी गॅसवरच चालणार आहे ना, मग बाटली आणि दर दोन वर्षांची ती गासप्रुफुंग, गॅसची तपासणी, कुठे चुकतेय? शिवाय डिझेलच्या हीटरचा पंप टिकटिक करतो, आणि कॅम्पिंगला शेजारच्या गाडीतल्या आजोबांना रात्री दहानंतर आपण शिंकलेलंही चालत नाही. आहे तो हीटर मुका आहे, राहू दे. उत्कर्षने हात टेकले, पण एक्सेल काही पुसलं नाही.

ऑक्टोबरात चिंचवडहून उत्कर्षची आई आली. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि मनोरमाबाई पहिल्यांदाच एकट्या विमानात बसल्या होत्या. त्यांना घेऊन सगळे आल्टम्यूल नदीच्या काठी कॅम्पिंगला गेले. रात्री कॅरॅव्हॅन उबदार होती, सकाळी नुसता बर्फ. हीटर बंद पडल्याचा लाल दिवा लागलेला. नऊ वर्षांची लेक उर्जा पांघरुणातून कुडकुडत जर्मनमध्ये ओरडली, "पापा, मिअर इस्ट काल्ट!" उत्कर्षने बाटली पाहिली, भरलेली. शेगडी पाहिली, तिच्यावर तर आई कानटोपी घालून चहा करत होती. हीटर पुन्हा चालू केला तर लगेच पेटला.

पुढच्या खेपेलाही अगदी तस्सं. वर्कशॉपवाल्याने हीटर उघडून पाहिला आणि दोष नाही म्हणून सांगितलं. खरं तर उत्कर्षसारख्या माणसाने इथे थांबून विचार करायला हवा होता. पण त्याला आतून गुदगुल्या होत होत्या ना! गॅस भरवशाचा नाही, मी म्हणत नव्हतो? गेनाऊ, अगदी तेच! आनंदाच्या भरात माणसाला दिसायचं ते दिसत नाही.

कादंबरीला मात्र सायनसचा त्रास. दुसऱ्या खेपेनंतर आठवडाभर तिचं डोकं ठणकत होतं. तिने एकदाच सांगितलं, "अजून एकदा मी गारठून उठले, तर हीटर बदलायचा नाही. ही गाडीच विकायची." ती उगाच बोलणाऱ्यातली नाही. उत्कर्षच्या गुदगुल्या जागच्या जागी थांबल्या. ऑफिसात त्याचं काय व्हायचं ते होवो, पण शुक्रवारी ही गाडी मागे जोडली की त्याला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या खेपेला त्याने नवी बाटली लावली, रेग्युलेटर बदलला, सगळं दोनदा तपासलं. सकाळी कादंबरी पुन्हा गारठून उठली, नाक धरून बसली आणि घरी येऊन जाहिरातीचा मजकूर लिहायला लागली.

फोटो काढायचे म्हणून रविवारी मायलेक गाडी साफ करत होते. आईने शेगडीखालचं कपाट पुसलं आणि सहज म्हणाली, "नवीन माणसांना हे तीन पिवळे खटके दाखव हो. रात्री आठवणीने बंद करायला सांग."

उत्कर्षच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. एक खटका शेगडीच्या गॅसचा, एक फ्रिजचा, आणि एक हीटरचा. "तू रोज बंद करतेस?"

"मग? माणसं झोपल्यावर गॅस चालू ठेवतात का कुठे? तुम्ही झोपलात की करते बंद. पहाटे चहाला उठले की पुन्हा उघडते." मग कपाटाचं दार लावत म्हणाली, "तुझे बाबा रोज पलंगावरून विचारायचे ना. गॅस खालून बंद केलास का? बेचाळीस वर्षं. आता विचारणारं कोणी नाही, पण हात जातोच."

उत्कर्षला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ बाबा आठवले. लहानपणी तो प्रश्न ऐकतच त्याला झोप लागायची. आता सांगितलं असतं तर आईने हीटरचा खटका उघडा ठेवलाही असता, पण मग रात्रभर डोळ्याला डोळा लावला नसता. आणि आपल्यामुळे सुनेचं डोकं दुखलं, हे तिला जन्मभर लागलं असतं.

घरात येऊन त्याने कादंबरीला सगळं सांगितलं. गॅसचा हीटर निर्दोष आहे, तुझंच बरोबर होतं, हेसुद्धा सांगितलं. ते सांगताना त्याला किती जड गेलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. कादंबरी आधी खो खो हसली. मग तिने लॅपटॉप ओढला आणि जाहिरात पुसून टाकली.

"आईंना एक अक्षर बोलू नकोस," ती म्हणाली. "तुझा तो डिझेलचा बसव. त्याला खटका नसतो ना?"

डिसेंबरात आई परत जायच्या आधी सगळे एकदा आल्गॉयच्या डोंगरात जाऊन आले. बाहेर गुडघाभर बर्फ, आत ऊब, आणि फरशीखाली डिझेलचा पंप टिकटिक करतोय. जुन्या हीटरचा खटका तेवढा नावाला शिल्लक. आई म्हणाली, हा हीटर बाई गुणी निघाला. उर्जा झोपली, दिवा मालवला. शेगडीखाली तीनदा खट्ट असा आवाज झाला.

उत्कर्षने पांघरुणातूनच विचारलं, "आई, गॅस खालून बंद केलास का?"

शेगडीखालच्या कपाटाचं दार लागलं.

"हो रे," आई म्हणाली. "झोप आता."