किनाऱ्याच्या रस्त्यानं आलेला गणपती

मी घर सोडलं तेव्हा आई अशी रडली, की बघणाऱ्याला वाटावं पोरगा जहाजात बसून चाललाय. चाललो होतो सायकलवर, ब्रीझे वेर्दिएरहून जुन्या ग्रां पोरला. त्याच मॉरिशस बेटावर, त्याच पूर्व अंगाला, सकाळी निघालं तर दुपारच्या भाताला पोचावं एवढाच पल्ला. पणजोबा कोकणातून अख्खा समुद्र ओलांडून इथं ऊस तोडायला आले, त्यांच्यासाठी कुणी एवढं रडलं होतं की नाही, देव जाणे.

साल चौऱ्याहत्तर. रस्ते खात्यात मुकादमाची नोकरी लागली होती. आईनं कॅरियरला तांदूळ, लोणचं, तवा, गोधडी असं इतकं बांधलं, की मी सीटवर बसायच्या आतच सायकलीचं पुढचं चाक घोड्यासारखं वर उठलं. सगळी आळी हसली, आईसुद्धा डोळे पुसता पुसता हसली. बा मात्र हसला नाही. हँडल धरून म्हणाला, "चूल वायली कर, गोइंदा. गणपती वायला करू नगंस."

आपल्यापैकी जे ह्याच बेटावर त्रियोलेला गेले, फिनिक्सला गेले, त्यांना हे सांगायला नको. आम्हा कोकणातल्यांत भाऊ वेगळे राहिले तरी चालतं, पण गणपती एकाच घरात बसतो आणि सगळे तिथं जमतात. ज्या दिवशी एखादा भाऊ आपल्या घरी स्वतःचा गणपती बसवतो, त्या दिवशी गाव समजतं की वाटणी झाली. कागद लागत नाही, वकील लागत नाही.

जुनं ग्रां पोर म्हणजे पुढं समुद्र, पाठीशी सिंहाच्या आकाराचा डोंगर आणि मधे चिंचोळा रस्ता. माझ्या कामाचे रस्ते दोन. एक किनाऱ्याचा, बांबू व्हिरियोवरून डोंगराच्या पायथ्याशी वळणं घेत ग्रां साब्लकडं जाणारा. दुसरा आत फर्नेवरून क्लुनीकडं चढणारा, जिथं ऊस मागं पडला की अंगाला थंडी झोंबते आणि आपलंच धापा टाकणं आपल्याला ऐकू येतं. खड्डा कुठं आहे, पाणी कुठं साचतं, कुठल्या वळणावर उसाचा ट्रक अंगावर येतो, हे सगळं मला पायांनी पाठ झालं. पहिल्या वर्षी मी क्लुनीचा चढ सायकल ढकलत चढायचो आणि माझ्या हाताखालचे गडी "बोंझूर, शेफ!" असा साहेबाला नमस्कार ठोकत सायकलीवरून पुढं जायचे. दुसऱ्या वर्षी मीही बसून चढायला लागलो. तिसऱ्या वर्षी मला गर्व झाला आणि त्याच आठवड्यात मी गटारात पडलो.

दर चतुर्थीला मी किनाऱ्याच्या रस्त्यानं घरी जायचो. तेव्हा वारा आग्नेयेकडून वाहतो, म्हणजे जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. बा म्हणायचा, "बघ, वारा बी तुला हिकडंच ढकलतो." पुढं लीलाशी लग्न झालं, रेखा झाली, दोघी मायलेकी बसनं यायला लागल्या. मी सायकल सोडली नाही. लीला म्हणते हट्ट म्हणून. मी म्हणतो तब्येतीसाठी.

चौऱ्याऐंशी साली आम्ही स्वतःचं घर बांधलं. दोन खोल्या, वर सिमेंटचा स्लॅब. पावसाळ्यात तो गळला नाही तेव्हा लीला म्हणाली, "आता यंदा गणपती हितंच बसवू. रेखाला वाटतं गणपती म्हणजे बस लागून उलटी होण्याचा सण." मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "धा वर्सं झाली. तुमी हितं राहता का हितं ड्यूटीवर हायसा?"

रविवारी बाला विचारायला निघालो. एवढा भ्यालो होतो की किनाऱ्याचा सपाट रस्ता सोडून मुद्दाम क्लुनीवरून गेलो, म्हणजे पोचायला उशीर होईल. लीला अजून सांगते, बाईनं सासरी जाताना घ्यावेत तसे आढेवेढे हे सायकलवर घेतात.

दारात सखाराम, माझा थोरला भाऊ, गाईला चारा टाकत होता. "आला आमचा रस्तेवाला! खड्डे मोजत आलास का बुजवत?"

जेवायला बसलो. वहिनीनं दोनदा भात वाढला. तिसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा मी ताटावर हात धरला आणि बोललो.

बानं हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे वायला होतूस."

"वायला नाही बा. फक्त..."

"फकस्त काय? गाव काय म्हनंल? म्हाताऱ्याच्या डोळ्यादेखत पोरं वाटली."

आई पदराशी चाळा करत बसली होती. मला त्या क्षणी कळलं, की हा 'नाही' म्हणाला तर तिकडचं माझं घर कायम ड्यूटीचीच खोली राहणार, आणि 'हो' म्हणाला तर इकडच्या ओटीवर मी पाहुणा होणार. दोन्हीतलं काहीतरी एक त्या ताटावरून उठताना जाणार होतं.

बोलला तो सखाराम. हात धुता धुता, पाठ आमच्याकडंच. "बा, ह्यो धा वर्सं सायकल मारत येतो. आपन एकदा तरी गेलो का तिकडं?"

कुणी गेलं नव्हतं. सोडून गेलेल्यानं परत यायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. राहिलेल्यांनी जायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"यंदा गणपती त्याच्याकडं बसवू," सखाराम म्हणाला. "हितं नको. एकच बसवायचा. पुढल्या साली हितं."

वहिनीनं चमकून देव्हाऱ्याकडं बघितलं. लग्न होऊन आल्यापासून तिच्या घरी चतुर्थीला ती जागा कधी रिकामी राहिली नव्हती. तिनं ताटं जरा मोठ्यानं उचलली. बानं तिला विचारलं, "सूनबाई?" ती म्हणाली, "मोदक मी करनार. त्या लीलाच्या मोदकाला कळ्या पडत नाय." म्हणजे मिळाली परवानगी.

मूर्ती नेहमीच्या हातची, ब्रीझे वेर्दिएरलाच घडलेली. ती घेऊन सगळे बसनं निघाले. सखारामाला मात्र हुक्की आली की तो कसला रस्ता आहे ते बघायचंच. त्यानं शेजाऱ्याची सायकल घेतली, मी त्याला आणायला आदल्या दिवशीच गेलो होतो. वारा समोरून. ग्रां साब्लपर्यंत तो मला सायकल कशी चालवावी हे शिकवत होता. सैतानाचं टोक म्हणतात तिथं, जुन्या फ्रेंच तोफांपाशी, चढाला तो उतरला. "ह्यो रस्ता नाय गोइंदा, ही शिक्षा हाय. तू दर साली ह्यातनं परत जातूस?"

तेवढ्यात मागून बस आली. खिडकीशी आई, तिच्या मांडीवर लुगड्यानं झाकलेला गणपती, आणि तिच्या खांद्यावरून डोकं बाहेर काढलेला बा. "सखाराम! ढकलतूस काय? धाकट्याला म्हनावं डबल सीट घे!" सगळी बस हसली. मला दहा वर्षांत त्या रस्त्यावर एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

घरात शिरल्यावर बानं काय काय बघितलं ते सांगत नाही. भिंतीला चुना नीट लागला नव्हता, एवढंच तो बोलला. पण गणपतीची जागा मी नेमलेली त्यानं बदलली. टेबल स्वतः सरकवून खिडकीपासून लांब, भिंतीच्या मधोमध लावलं. पाहुणा दुसऱ्याच्या घरात टेबलं सरकवत नाही. लीलानं माझ्याकडं बघितलं, मी चपला नीट लावायला बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी विसर्जन. गावाकडं नदीत चार पावलं टाकली की काम होतं. आमचा समुद्र पडला उथळ. आम्ही मूर्ती घेऊन चालतोय, चालतोय, पाणी आपलं गुडघ्याएवढंच. बाचं धोतर भिजलं. "आरं, परत हिंदुस्थानात न्हेतूस काय त्याला?" शेवटी शेजारचा कोळी जॉर्ज आपली होडी घेऊन आला, त्यानं मूर्ती आणि बा दोघांना उचलून आत घेतलं. आरती आम्ही पाण्यात उभं राहून म्हटली, जॉर्जनं टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून हेच चालू आहे. एक साल इथं, एक साल तिथं, पण गणपती एकच. बा आता बसमध्ये चढू शकत नाही, म्हणून इथल्या साली सखाराम त्याला शेजाऱ्याच्या मोटारीतून आणतो. टेबल मी आधीच भिंतीच्या मधोमध लावलेलं असतं, तरी आल्याबरोबर तो ते थोडं सरकवतो.

यंदा सखारामाकडं. परवा मी दाराला कुलूप घालत होतो, तेव्हा जॉर्जनं रेखाला विचारलं, सणासुदीला घर सोडून कुठं चाललात? रेखा मराठी समजते, पण बोलते क्रेओल. तिनं बोट उत्तरेला केलं आणि म्हणाली, "नू लाकाज लाबा, सा लाने-ला." म्हणजे, आमचं घर यंदा तिकडं आहे.

मी तिला दुरुस्त करणार होतो. मग किल्ली खिशात टाकली.