रुमालाखालचा हात

"बोटं बोलायलीत, तोंड कशाला उघडायलास?" असं म्हणत शेळ्यांचे व्यापारी मामा, सारा बाजार त्यांना मामाच म्हणायचा, डोक्याचा रुमाल सोडायचे आणि स्वतःच्या नि समोरच्याच्या हातावर टाकायचे. ताडकळसच्या बाजारात शेळ्यांचा भाव कसा ठरतो, हे तुम्ही पाहिलं असेल. रुमालाखाली बोटं दाबायची. चारचौघांना आकडा कळत नाही. या कामात मामांना तोड नव्हती.

माझा बाप दुसऱ्यांच्या शेळ्या राखायचा. मी स्वतःच्या विकायला लागलो, तेव्हा आम्हा बौद्धांच्या पोराच्या हातावर रुमाल टाकणारे पहिले मामाच. म्हणून एका बाजारी मी हात पुढं केला आणि त्यांनी डोक्याचा रुमाल सोडलाच नाही, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"हात नको. तोंडानं बोल."

"का? आता बाटायला लागला का रुमाल?" मी ओरडलो. सारा बाजार बघायला लागला.

मामांनी रुमाल काढला आणि मान खाली घातली. टाळूवर खपल्यांचे गोल चट्टे, तिथले केस गळालेले.

"नायटा हाय. दुकानातल्या मलमानं लय पसरला. परभणीच्या डॉक्टरीणबाईनं खपली तपासली, रगत तपासलं, मग गोळ्या दिल्या. रुमाल कुणाला लावायचा न्हाई म्हणल्या. तुज्या घरी लहान लेकरू हाय ना?"

"मग आधी सांगायचं!"

"बाजारात डोकं उघडं करू व्हय?" मग स्वतःच म्हणाले, "केलं की आता, तुज्यापायी."

त्यानंतर मामा भाव तोंडानंच सांगायचे. आकडा सगळ्यांना ऐकू जायचा आणि सौदा दुसराच कोणी उचलायचा. भाकरी झाली की गोळी. रुमाल रोज उकळत्या पाण्यात.

"मामा, खाज गेली म्हणता ना? मग टाका की रुमाल."

"बाई म्हणल्याबिगर न्हाई."

लोक हसायचे. मग मीही माझा भाव ओरडूनच सांगायला लागलो. हसा म्हटलं किती हसता ते.

कित्येक आठवड्यांनी मामा कोरा रुमाल बांधून आले, ते थेट माझ्याकडं. "बाईनं पुन्हा तपासलं. साफ हाय."

"शेळी कुठाय, मामा?"

"शेळी कशाला? घाल हात."

रुमालाखाली त्यांनी माझी पाचही बोटं धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

आता मामा नाहीत. माझा राग मात्र आहे. माझ्या कानात आधी सांगायला काय झालं होतं? सौद्याला मी माझाच रुमाल टाकतो, धुतलेला. समोर कोणी नवखा बिचकला, की म्हणतो, "घाल हात."