दहा फुटांची शिडी

"बाई, एवढं एक करून दाखवा, म्हंजे आमचं समाधान," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले आणि मुख्याध्यापकांनी खडू माझ्यापुढे धरला.

जून महिना. श्रीगोंदा तालुक्यातली आमची शाळा. मुख्याध्यापकांच्या टेबलावर नव्या वर्षाचं वेळापत्रक. दहावीचं गणित कोणाला, एवढंच ठरायचं होतं. एकोणीस वर्षं मी इथे आठवी-नववीला गणित शिकवते. दहावी घेणारे सर निवृत्त झाले होते. ज्येष्ठतेनं तो वर्ग माझा. शेजारच्या खुर्चीवर दोन वर्षांपूर्वी लागलेले नवे सर मोबाईल बघत बसले होते.

अध्यक्षांनी उदाहरण तोंडीच घातलं, त्यांच्या शाळेतल्या दिवसांतलं. "शिडी दहा फुटाची. खिडकी बारा फुटावर. शिडी बरुबर खिडकीला टेकली. तर शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब?"

भिंत आणि जमीन यांचा काटकोन, शिडी म्हणजे कर्ण. कर्ण सगळ्यात लांब असतो, हे नववीच्या पोरांनाही कळतं. दहा फुटांची शिडी बारा फुटांवर पोचतच नाही. त्यांना तेरा म्हणायचं होतं.

मी खडू घेतला. फळ्यावर दहाच्या जागी तेरा लिहिले. तेराचा वर्ग एकशे एकोणसत्तर. बाराचा एकशे चव्वेचाळीस. वजा केले, पंचवीस. वर्गमूळ पाच.

"पाच. बरुबर हाय," फळ्याकडे न बघताच अध्यक्ष म्हणाले. मग, "राग मानू नका बाई. तुमच्या लोकांचं भाषण लई चांगलं असतं. चौदा एप्रिलचं तुमच्याकडंच ठेवू. पन दहावीचा निकाल म्हंजे संस्थेची अब्रू."

मुख्याध्यापकांनी दहावीपुढे नव्या सरांचं नाव लिहिलं.

मी बाहेर आले. व्हरांड्यात शाळेच्या मावशी कपबशा विसळत होत्या. दार उघडंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाई, त्या नव्या सरांला का न्हाई उभं केलं फळ्याफुडं?"

"त्यांना येतं असं धरलंय, मावशी."

"आन तुमाला?"

मला येत नाही असं धरलं होतं. एकोणीस वर्षं. नोकरीच्या मुलाखतीला बाकीच्यांना बसल्या जागी प्रश्न विचारले, मला फळ्याजवळ बोलावलं. तपासणीला साहेब आले की माझाच तास. दर वेळी मी बरोबर उत्तर दिलं आणि दर वेळी वाटलं, आता पटलं यांना. पटायचा प्रश्नच नव्हता. आणि आज तर मी त्यांची चूकही झाकली. त्यांचा मान राहावा म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं. ते अंगातच मुरलेलं. त्याची मला जास्त शरम वाटली.

दमले होते. घरी जावंसं वाटत होतं. स्टाफरूममधून कागद घेतला, चार ओळींचा अर्ज लिहिला आणि परत आत गेले.

"तुमची शिडी दहा फुटांची होती. ती बाराला पोचत नाही. मी तेराची करून घेतली. ते करायला नको होतं."

अध्यक्ष हसले. "म्हंजे आमचीच परीक्षा घेता व्हय?"

"नाही. अर्ज देते. ज्येष्ठता यादीप्रमाणे दहावी माझी आहे. द्यायची नसेल तर कारण लेखी द्या."

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "बाई, जामखेडकडच्या शाखेत जागा रिकामी आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. अर्जावर आवक नंबर टाका."

नवे सर खाली बघत राहिले.

दहावी अजून मिळालेली नाही. कारणही नाही. अर्जाची एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली आहे. दर सोमवारी मी मुख्याध्यापकांना विचारते, "कारण लिहिलंत का?" जामखेडला पाठवलं तर जाईन. तिथूनही विचारेन. मी लायक आहे हे यापुढे कोणालाही करून दाखवणार नाही. मी नालायक कशी, ते त्यांनी खाली सही करून लिहावं.