गाडी खाली पाठवा

जीप वळणावर दिसली आणि आरेच्या जंगलातल्या त्या वारली पाड्यात एकही पोर दिसेनासं झालं. विमला वरठा अंगण सारवून, चटई अंथरून उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत दारं लागली आणि बाया पोरं काखोटीला मारून ओढ्याकडे पळाल्या.

पळणारच. मागे सरकारी गाडी आली तेव्हा दारांवर लाल रंगानं आकडे पडले, आणि आकड्यांमागून घरांची तोडफोड आली. दोष कुणाला द्यायचा?

 पाड्यातच अंगणवाडी हवी म्हणून विमला वर्षभर कचेरीत खेटे घालत होती. खालची अंगणवाडी मोठ्या रस्त्यापलीकडे. तिथं जाताना जयाच्या पोराला, आकाशला, डंपर घासून गेला, तेव्हापासून कुणी पोर धाडत नव्हतं. आज सुपरवायझर पोरं बघणार, मगच मंजुरी.

सुपरवायझर माधुरीमॅडम जीपमधून उतरल्या, रिकामी चटई बघून म्हणाल्या, "कुठंयत तुझी पोरं? नुसती कागदावर?"

"आहेत. गाडीला भ्यालीत."

"मला अजून पवईला जायचंय. कुणी नाही, असं लिहून टाकते."

"लिहा. पण आधी गाडी खाली नाक्यावर पाठवा."

"आणि मी?"

"तुम्ही बसा. चहा ठेवते."

ड्रायव्हर हसला. "मॅडम, इथं बिबट्या असतो."

"तो दिवसा झोपतो. तुझ्यासारखा चकाट्या पिटत नाही," विमला म्हणाली.

मॅडमनी घड्याळ पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. "जा रे निलेश. नाक्यावर थांब."

जीपचा आवाज विरला. झाडीत काही हललं नाही. चहा निवला. मॅडमनी पर्स उचलली, तशी विमला ओढ्याच्या काठावर धावली.

"सुंदराआजी, गाडी गेली गं. एकटी बाई आहे."

 झाडीतून म्हातारीचा आवाज आला, "रंगाचा डबा हाय का तिच्याकडं?"

"नाही गं आजी. वजनकाटा आहे."

सुंदराबाई वर आली, कडेवर आकाश. सरळ मॅडमच्या पर्समध्ये डोकावली. मॅडमनी डोकावू दिलं.

"हा घे," म्हातारीनं पोर चटईवर ठेवलं. "दाराला हात लावायचा नाय."

"नाही लावत."

मागून जया आली, मग पोरं घेऊन आणखी दोघी. मॅडमनी लिहायला पेन काढलं आणि बाया जागीच थबकल्या.

मॅडमनी पेन मुकाट पर्समध्ये टाकलं आणि बोटांवर पोरं मोजायला सुरुवात केली.