काटा वर गेला

आमचे हे मिस्त्री. जुन्या गाड्यांची इंजिनं तपासून देतात, आणि त्यांनी ‘घ्या’ म्हटलं की लोक डोळे मिटून घेतात. बोलायचं मात्र त्यांच्या अगदी जिवावर येतं. लग्न झाल्यापासून माझ्याशी बोलले नसतील तेवढे ऑइल पंपाशी बोलले असतील. मी गॅरेजमध्ये सुट्या भागांचा काउंटर सांभाळते आणि दोघांच्या वाटचं बोलते.

त्या दिवशी माझी मोठी नणंद तिची पिकअप घेऊन आली, तेव्हा हे सकाळपासून तिसऱ्या गाडीखाली होते. कमरेवर हात ठेवतच बाहेर आले.

“काय झालं, ताई?”

“काही नाही रे, जरा तेल पिते. बघून सांग, रोजच्या फेऱ्या वर्षभर काढेल ना?”

ताई पॅकिंगच्या कारखान्यात दहा तास उभ्याने काम करते. संध्याकाळी पाय इतके सुजतात की चपलांचे पट्टे रुतून बसतात. आता एका हॉस्पिटलच्या चादरी धुलाईला नेण्या-आणण्याचं वर्षाचं कंत्राट तिला मिळत होतं. चार वाजेपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. होय म्हटलं की नोकरी सोडायची. पण गाडी मध्येच बसली, तर कंत्राटही जाणार आणि नोकरीही गेलेली.

ह्यांनी इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं. आतून भसाभसा धूर आला. मागे सायलेन्सरमधूनही निळसर धूर निघत होता. मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

मग इंजिन बंद करून त्यांनी चारही प्लग काढले, एकेका भोकात प्रेशरचा मीटर बसवला आणि ताईला किल्ली फिरवायला लावली. दोन सिलिंडर ठीक होते. उरलेल्या दोन्हींवर काटा अर्ध्यातच थांबायचा. खिडकीतून मान काढून बघणाऱ्या ताईचं तोंड एवढंसं झालं.

ह्यांनी त्या दोन भोकांत चमचा चमचा तेल सोडलं आणि पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली. काटा सरसर वर गेला.

“गेला की वर!” ताईने टाळीच वाजवली. “एवढंच होतं होय? उगाच घाबरवलंस.”

मलाही हसू आलं. कटकट मिटली म्हणून मी चहा ठेवायला वळले.

हे मात्र मीटर हातात धरून तसेच उभे. “ताई, तो वर जायला नको होता.”

“म्हणजे?”

“तेलाने फट भरली म्हणून गेला. म्हणजे आत फट आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. वर्ष सोड, चार महिनेसुद्धा निघायचे नाहीत.”

ताई खाली उतरली. “आठ महिन्यांपूर्वी तर घेतली. तूच बघितली होतीस.”

मला वाटलं, आता हे म्हणतील, तू चालवतेसच तशी. दुसरा कोणीही तेच म्हणाला असता. बाकावर दोन गिऱ्हाइकं कान टवकारून बसली होती.

“मी गरम इंजिन बघितलं,” हे म्हणाले. “विकणारा तासभर फिरवून घेऊन आला होता. तापलेलं इंजिन दुखणं लपवतं. मी तसं कधी बघत नाही, उद्या थंड असताना आण म्हणतो. त्या दिवशी तसं म्हटलं नाही.”

मला असा राग आला! एरवी तोंडाला कुलूप, आणि आजच बरी वाचा फुटली. एक गिऱ्हाईक उठून गेलंसुद्धा.

“इंजिन मी उघडून नीट करून देतो. पण महिना जाईल.”

“कंत्राट परवापासून आहे,” ताई म्हणाली.

चार वाजायला अजून तास होता. ताईने वाट बघितली नाही. तिथेच फोन लावला. “नाही जमणार, साहेब. गाडी चांगली नाही.” फोन ठेवला आणि बाकावर बसून पाय चोळत राहिली. मी चहा दिला, तो तिने घेतला नाही.

“त्या दिवशी का नाही म्हणालास रे, उद्या आण म्हणून?”

हे मीटर पुसत होते. “दमलो होतो, ताई. पटकन उरकावं असं वाटलं.”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

“मग तसं सांगायचं ना. मी दुसऱ्या दिवशी आले असते.”